दुष्काळाच्या पोटी साखर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मला मधुमेह असल्याचं कळलं, ते २०१४ साली. वय एक्केचाळीस, वजन सत्तावन्न किलो, उंची साडेपाच फूट. चष्म्याचा नंबर वरचेवर बदलू लागला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी आधी रक्त तपासून या म्हणून सांगितलं. रिपोर्ट आला आणि घर गप्प झालं. त्या वर्षीच्या ईदला माझ्यासमोर शीरखुर्म्याची वाटी आली नाही. खालाजाननं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "अरे, तुझ्या अंगावर मूठभर मांस नाही. ही तर शेठ-सावकारांची बिमारी. तुला कुठून लागली?" शेजारचे निवृत्त मास्तर हसून म्हणाले, "कविराजांना गोडाचा नाद दिसतो!"

गोडाचा नाद मला कधी नव्हता. मी काही डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण खालाचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्याचं उत्तर शोधताना लक्षात आलं, की हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे, तितकाच इतिहासाचाही आहे. आणि तो एकट्या माझाही नाही. ज्या देशाची ओळख जगात भुकेकंगालांचा देश अशी होती, तो देश एका माणसाच्या आयुष्यात मधुमेहाच्या आणि वाढत्या पोटांच्या यादीत इतका वर कसा गेला?

आधी आकडे सांगतो, कारण ते डोळे उघडणारे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २००८ ते २०२० या काळात देशभर पाहणी केली. वीस वर्षांवरच्या १ लाख १३ हजार माणसांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशातल्या प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख माणसं. आणखी १३ कोटी ६० लाख माणसं मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी आहेत. दर दहा प्रौढांमागे चौघांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यांत जास्त, २६.४ टक्के. उत्तर प्रदेशात सगळ्यांत कमी, ४.८ टक्के.

हा रोग आपल्याकडे नवा मुळीच नाही. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत प्रमेहाचं आणि मधुमेहाचं सविस्तर वर्णन आहे. लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या वैद्यांनी फार पूर्वी पाहिलं होतं. युनानी हकीम याच रोगाला जियाबेतुस शकरी म्हणत. युरोपात मॅथ्यू डॉबसन या इंग्रज डॉक्टरनं रोग्याच्या लघवीत साखरच असते हे दाखवून दिलं, ते १७७६ साली. मला स्वतःला एका गोष्टीचं विशेष नवल वाटलं. आपल्या जुन्या वैद्यांनी या रोगाचे रोगी दोन प्रकारचे सांगितले आहेत. एक धष्टपुष्ट, दुसरा कृश. पहिल्याचं वजन उतरवायचं आणि दुसऱ्याला पोसायचं, असा उपचार. म्हणजे माझ्यासारखा काडीपैलवान त्यांनी पाहिलेला होता. पुढे आपण त्याला विसरलो.

विसरण्याचं कारण असं, की नंतरच्या काळात हा रोग दिसायचा तो खाऊनपिऊन सुखी असलेल्या लोकांत. १९०७ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या अधिवेशनात उष्ण कटिबंधातल्या मधुमेहावर चर्चा झाली. हिंदुस्थानात काम केलेले डॉक्टर तिथे बोलले. त्यांच्या बोलण्यात कलकत्त्याचे वकील, कारकून, जमीनदार हेच रोगी म्हणून येतात. त्यांच्या दवाखान्याची पायरी चढण्याची ऐपतही अशाच लोकांची होती, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. शेतमजूर कशानं मेला, याची चौकशी कोण करणार होतं? अशा रीतीनं मधुमेह 'राजरोग' ठरला आणि ही समजूत खालाजानपर्यंत पोचली.

१९२२ सालच्या ११ जानेवारीला कॅनडातल्या टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. तोवर अशा मुलांना मृत्यूची वाट पाहण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता. फ्रेडरिक बँटिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा शोध लावला. त्याचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला विकलं, ते प्रत्येकी एका डॉलरला. औषध सर्वांना मिळावं, हा त्यामागचा हेतू होता.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं मधुमेहाची पहिली मोठी पाहणी केली ती १९७२ ते १९७५ या काळात. अहमदाबाद, कलकत्ता, कटक, दिल्ली, त्रिवेंद्रम आणि आपलं पुणे, अशी सहा केंद्रं होती. शहरी भागात २.१ टक्के आणि ग्रामीण भागात १.५ टक्के लोकांना मधुमेह आढळला. पुढे २००० साली सहा महानगरांतल्या पाहणीत हा आकडा १२.१ टक्क्यांवर गेला. नव्या पाहणीत देशाच्या शहरी भागात तो १६.४ आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के आहे. मोजण्याच्या पद्धती बदलल्या, वयोगटही थोडे वेगळे होते, हे मान्य केलं तरी चढण केवढी आहे पाहा.

१९७२ हे साल महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. पुण्यात ही पाहणी चालू असताना महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. माझं गाव बीड जिल्ह्यात, आष्टी-पाटोद्याच्या कोरड्या पट्ट्यातलं. अब्बांची कोरडवाहू जमीन होती, तिच्यात कुसळही उगवलं नाही. अब्बा आणि अम्मी दोघंही खडी फोडायच्या कामावर गेली. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते. हातात टिकाव नाहीतर डोक्यावर पाटी. रेशनला अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा आणि कामावर सुकडी. त्या कामांनी लोक जगवले, हे विसरून चालणार नाही. पुढची रोजगार हमी योजना याच काळात उभी राहिली आणि तिचा कायदा १९७७ साली झाला.

मी जन्मलो १९७३ च्या पावसाळ्यात. मधुमेह झाल्यावर मी अम्मीला त्या दिवसांबद्दल नीट विचारलं. ती एवढंच म्हणाली, "पोटात तू होतास आणि डोक्यावर पाटी होती." माझ्या वाट्याची सुकडी ती खात होती की घरातल्या थोरल्या पोरांना देत होती, हे तिनं सांगितलं नाही. सांगण्याची गरजही नव्हती. "जन्मलास तेव्हा मांजराच्या पिलाएवढा होतास," असं ती म्हणते. माझं वजन कोणी केलं नाही. गावात तेव्हा वजन व्हायचं ते धान्याचं आणि कापसाचं.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत आपलं ताट बदललं. त्याचाही इतिहास आहे. माझ्या लहानपणी आमच्याकडे बारा महिने ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी असायची. गव्हाची चपाती व्हायची ती पाहुणा आला किंवा सण असला तर. सोबत तांदुळजा, अंबाडी, हुलग्याचं माडगं. तेल करडईचं, तेही बोटानं मोजून. देशात हरितक्रांती झाली ती गहू आणि तांदळाची. रेशनवरही तेच आले. भूक मागे हटली, हे त्याचं मोठं देणं आहे. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक जेवण सोडायला सांगितलं होतं. तशी वेळ पुन्हा आली नाही. पण ज्वारी-बाजरी मागे पडली, कडधान्यं महागली आणि गरिबाचं पोट पांढऱ्या भातानं आणि मैद्यानं भरू लागलं. आता भाकरी हायवेच्या हॉटेलात चपातीपेक्षा महाग मिळते. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकारानं जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. माझ्या अम्मीला त्याचं हसू आलं.

साखरेची गोष्ट तर आपल्या घरातली. १९५० साली लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढे महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, शाळा-कॉलेजं निघाली. चहा तर त्याआधीच गावोगाव पोचला होता. १९३० नंतर चहाच्या प्रचारकांनी बाजारपेठांत आणि जत्रांत फुकट चहा पाजून लोकांना त्याची गोडी लावली. त्या गोडीबरोबर साखरही घरात शिरली. १९९४ साली पामतेलाची आयात खुली झाली आणि करडईचा घाणा बंद पडला. स्वस्त तेल आलं तसं तळण वाढलं. १९९१ नंतरच्या मोकळ्या बाजारात पाच रुपयांची चमकदार पाकिटं गावातल्या टपरीवर लटकू लागली. आज शेतावर जाणारी आई पोराच्या हातात तेच पाकीट देऊन निघते, कारण त्याला चूल पेटवावी लागत नाही.

अंगमेहनतही कमी झाली. बजाजची चेतक स्कूटर १९७२ सालीच बाजारात आली. सायकलींचं पुणं हळूहळू स्कूटरचं पुणं झालं. जात्याची जागा गिरणीनं घेतली, आडाची जागा नळानं. यात वाईट काही नाही. जात्यातून सुटलेल्या बायकांना पुन्हा जात्यावर बसा म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण शरीराचा खर्च कमी झाला आणि जमा वाढत गेली, हा हिशेब तर खरा.

लठ्ठपणाचं कोडं या हिशेबानं बरंचसं सुटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली सुमारे १३ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर होतं. २०१९-२१ च्या पाहणीत ते प्रमाण २४ टक्के झालं. पुरुषांत ९ टक्क्यांचे जवळजवळ २३ टक्के झाले. पण सत्तावन्न किलोच्या माणसाला मधुमेह का व्हावा, हा खालाचा प्रश्न शिल्लक राहतोच. त्याचं उत्तर मला सापडलं पुण्यात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक गमतीदार टिपण लिहिलं. त्यात दोन डॉक्टरांचं छायाचित्र होतं. एक स्वतः याज्ञिक, दुसरे त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआयचा आकडा दोघांचाही सारखाच, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वजनाच्या काट्यावर सारखे, आतून वेगळे. आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाच्या आत, यकृताच्या आसपास दडलेली. म्हणून आता भारतीयांसाठी जास्त वजनाची मर्यादा पंचवीसऐवजी तेवीसवर धरतात आणि काट्याबरोबर टेपही वापरा, असं डॉक्टर सांगतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, अशी ती मर्यादा आहे.

आपण आतून असे का? काही भाग रक्तातून, वाडवडिलांकडून येत असेलच. पण इंग्लंडमधले डॉ. डेव्हिड बार्कर यांनी आणखी एक धागा शोधला. हर्टफर्डशायर परगण्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सुईणींनी बाळांची वजनं वहीत लिहून ठेवली होती. त्या वह्यांतली मुलं साठी ओलांडलेली माणसं झाली होती. बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना शोधून तपासलं. १९९१ साली त्यांनी दाखवलं, की जन्मताना आणि पहिल्या वाढदिवशी ज्यांचं वजन कमी होतं, त्यांच्यात मधुमेह जास्त होता.

त्यांचं म्हणणं साध्या भाषेत असं. अर्ध्या पगारात घर चालवणारी बाई काय करते? आधी औषधपाणी आणि धान्य बघते, छपराची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलते. पोटातलं बाळही तसंच करतं. आईकडून येणारं अन्न तोकडं पडलं, की ते मेंदूला आधी देतं आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्यावर काटकसर करतं. स्वादुपिंड म्हणजे इन्शुलिन तयार करणारा अवयव. पुढेही टंचाईच असेल, असं धरून ही सगळी बांधणी झालेली असते. पुढचं आयुष्य टंचाईचं गेलं, तर ते शरीर निभावून नेतं. पण त्याच्यापुढे भात, साखर, तेल आणि खुर्ची आली, की अर्ध्या पगारात बांधलेलं घर पहिल्याच मोठ्या पावसात गळू लागतं.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी केलेल्या कोंडीमुळे दुष्काळ पडला. त्या वेळी आईच्या पोटात असलेली मुलं पन्नाशीला आल्यावर त्यांना तपासलं, तेव्हा त्यांच्या शरीराला साखर झेपत नसल्याचं दिसलं. तिथला दुष्काळ काही महिन्यांचा होता. आपल्याकडचे दुष्काळ आठवून पाहा. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ. त्यात सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य पुरे, असं ठरवलं होतं. आपल्या दख्खनमधल्या मजुरांनी त्याविरुद्ध कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू लावून धरली. त्यानंतर १८९६-९७, मग १८९९-१९००. शिवाय ज्यांची इतिहासात नोंद नाही असे अर्धपोटी उन्हाळे तर दरवर्षीचेच. जी मुलगी स्वतः आईच्या पोटात उपाशी राहिली, ती खुरटी वाढली आणि तिच्या पोटी पुन्हा लहान बाळ आलं. पिढ्यानपिढ्या हे चाललं.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या शेतकरी घरांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणात त्या काय खातात, किती राबतात, बाळ कसं जन्मतं, याची बारकाईनं नोंद ठेवली. तिथल्या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदम्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपलं बाळ डोकं, पोट, दंड सगळ्यांतच लहान. पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळाइतकीच. जगानं या बाळाला 'कृश-स्थूल' म्हणून ओळखलं. वजनानं लुकडं, आतून चरबी राखलेलं. ज्या आया पालेभाजी, दूध आणि फळं जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती. ज्या शेतात आणि घरात जास्त राबत होत्या, त्यांची लहान होती. निम्म्याहून अधिक आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं.

ही बाळं अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली गेली. त्यातली ४८ टक्के मुलंमुली प्रमाणापेक्षा कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलांच्या आणि १८ टक्के मुलींच्या रक्तातली साखर मर्यादेबाहेर होती. खेड्यातली, शेतकऱ्यांची, हडकुळी पोरं. यांना कोण म्हणणार, की गोडाचा नाद आहे?

कुपोषणातून येणाऱ्या एका वेगळ्याच मधुमेहाची कथाही अशीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ साली त्याला यादीत जागा दिली आणि १९९९ साली काढून टाकली. २०२५ च्या एप्रिलमध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं त्याला 'पाचव्या प्रकारचा मधुमेह' म्हणून पुन्हा मान्यता दिली. गरिबाच्या रोगाला यादीत नाव मिळायलाही असे हेलपाटे घालावे लागतात.

माझ्या एकट्याच्या मधुमेहाचं खापर मी १९७२ च्या दुष्काळावर फोडणार नाही. कविसंमेलनांतली जागरणं, पहाटे चारचा साखरेचा चहा, चालण्याचा कंटाळा, हे माझ्याच खात्यावर आहे. डॉक्टर सांगतात ते पथ्य आणि औषध मी आता पाळतो. पण देशाचा हिशेब करताना भुकेचा रकाना कोरा ठेवता येणार नाही. जास्त खाल्लं म्हणून रोग झाला, ही अर्धीच गोष्ट आहे. आधी फार काळ मिळालं नाही आणि मग एकदम भलतंच मिळालं, ही पूर्ण गोष्ट. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत २४ टक्के स्त्रिया जाड आहेत आणि १८.७ टक्के स्त्रिया हडकुळ्या. पाच वर्षांखालच्या मुलांत ३५.५ टक्के खुरटलेली. पुष्कळदा हे सगळे एकाच घरात राहतात.

गेल्या वर्षी माझी मुलगी गरोदर होती. ती पुण्यात एका ऑफिसात दिवसाचे दहा तास संगणकापुढे बसते. सातव्या महिन्यात तपासणीत तिची साखर वाढलेली निघाली. गरोदरपणातला मधुमेह. आईची साखर वाढली, तर तीही बाळाच्या शरीराला पुढच्या मधुमेहाकडे ढकलते, असं डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे अम्मीच्या पोटात अन्न कमी पडलं म्हणून एक, आणि मुलीच्या रक्तात साखर जास्त झाली म्हणून दुसरं. पन्नास वर्षांत आम्ही एका टोकावरून दुसऱ्या टोकाला आलो. मुलीनं मला विचारलं, "अब्बा, हे तुमच्याकडून आलं का माझ्याकडे?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. मग मी तिला दादीजानच्या पाटीची गोष्ट सांगितली. तिनं ती पूर्वी कधी ऐकली नव्हती.

ती गोष्ट संपलेली नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला माझ्या बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई गरोदर असली तरी उचल फेडायची असते. पहाटे उठून ती फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते आणि रात्री कोपीत येऊन चूल पेटवते. माझी अम्मी दगड वाहत होती, ही ऊस वाहते. आपल्या चहातली साखर तिच्या डोक्यावरून येते. तिच्या पोटातलं बाळ कोणत्या काटकसरीनं अंग बांधत असेल, याचा विचार आपण साखरेचा डबा उघडताना करत नाही.

१४ नोव्हेंबर हा बँटिंगचा जन्मदिवस. तो जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे तोच बालदिन. हा निव्वळ योगायोग आहे, पण उपयोगी आहे. त्या दिवशी शहरांत मधुमेहाच्या फेऱ्या निघतात, चालण्याचे आणि गोड सोडण्याचे सल्ले दिले जातात. ते योग्यच आहेत. त्यांच्या जोडीला गरोदर बाईच्या ताटाची आणि तिच्या डोक्यावरच्या ओझ्याची चौकशी त्या दिवशी झाली, तर बालदिनही खरा होईल आणि मधुमेह दिनही. वयात येणाऱ्या मुलींना पालेभाजी, दूध, डाळ, अंडं मिळावं. फडावरच्या गरोदर बाईला उचलीच्या हिशेबातून सुटका आणि विश्रांती मिळावी. रेशनच्या पिशवीत गहू-तांदळाबरोबर ज्वारी आणि डाळही यावी. यात अवघड असं काही नाही.

मुलीनं पथ्य पाळलं, रोज संध्याकाळी चालली. अम्मीनं गावाहून तांदुळज्याचं बी आणून गॅलरीतल्या कुंड्यांत पेरलं. बाळ सुखरूप जन्मलं. मुलगी झाली. नर्सनं तिच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहिली, ती ठीक होती. मग तिला काट्यावर ठेवलं आणि कार्डावर वजन लिहिलं, २ किलो ९०० ग्रॅम. अम्मीला वाचता येत नाही. तिनं ते कार्ड हातात घेतलं आणि मला म्हणाली, "काय लिहिलंय, पुन्हा एकदा वाच."